दवाखाना कुणाचा?

सरकारच्या कागदावर आपल्याला एक नाव आहे : लाभार्थी. राशनच्या दुकानात लाभार्थी, घरकुलाच्या यादीत लाभार्थी, दवाखान्याच्या योजनेतही लाभार्थी. ज्याच्या हातावर काहीतरी ठेवलं जातं तो. दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर गप घरी जायचं, असा तो माणूस.

मी लातूरला एका डाळमिलमध्ये कामाला आहे. दिवसभर पोती वाहायची, चाळणीपाशी भुकटी खायची, रात्री अंगात बळ उरलं तर कविता लिहायची. शाळा मध्येच सुटली. पुढचं जे काही शिकलो ते वाचनालयात आणि चळवळीतल्या मित्रांच्या पुस्तकांवर. तेव्हा डॉक्टरकीतलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. मला एक साधा नैतिक प्रश्न मांडायचाय. ज्यांच्या दुखण्यासाठी दवाखाना उभा आहे, त्यांना तो कसा चालावा हे ठरवायचा हक्क आहे की नाही? असला तर तो येतो कुठून? आणि आपण, गावकुसाबाहेरच्यांनी, तो वापरायचा कसा?

मोर्चात ह्या प्रश्नाची घोषणा होत नाही. घोषणा होते ती "डॉक्टर द्या, औषध द्या" ही. ती बरोबरच आहे. पण तिच्यातही आपण "द्या" असंच म्हणत असतो, हे मित्रांनो, ध्यानात घ्या.

लाभार्थी नको म्हणून काही शहाणी माणसं दुसरा शब्द पुढं करतात : ग्राहक. आरोग्यसेवेचा ग्राहक. ऐकायला बरं वाटतं. ग्राहक म्हटलं की दुकानदाराला जाब विचारता येतो. १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि १९९५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की डॉक्टरची सेवाही त्या कायद्यात येते. खाजगी दवाखान्यात नाडल्या गेलेल्या माणसाला त्याचा आधार मिळाला. पण त्याच निकालात असंही आहे की ज्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतो, तिथला रोगी ग्राहक ठरत नाही. आम्ही कर भरतो म्हणावं, तर कर म्हणजे त्या सेवेचा मोबदला नव्हे, असंही कोर्टानं सांगून टाकलं. म्हणजे साबणाच्या वडीपासून चपलेपर्यंत आपण जन्मभर सरकारच्या तिजोरीत घातलं, पण दवाखान्याच्या दारात आपली पाटी कोरी. पैसे मोजले त्यानं तक्रार करायची. ज्यानं मोजले नाहीत त्यानं उपकार मानायचे.

कामगार म्हणून मला दुसरं एक उदाहरण जवळचं वाटतं. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते तेव्हा, १९४३ ला, कामगारांच्या आजारविम्याचा विचार करायला प्रा. बी. पी. अडारकर यांना नेमलं गेलं. १९४४ ला त्यांचा अहवाल आला. त्यातून पुढं १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. त्या विम्याच्या महामंडळात मालकांच्या आणि सरकारच्या माणसांबरोबर कामगारांच्या प्रतिनिधींनाही खुर्ची मिळाली. दवाखाना ज्याच्यासाठी, त्याचा माणूस कारभारात. ही मोठी गोष्ट झाली. पण ती खुर्ची मिळाली कशाच्या जोरावर? पगारातून वर्गणी कापली जात होती म्हणून. मग ज्याला पगारपत्रकच नाही त्या शेतमजुराचं काय? मुकादमाच्या उचलीवर जगणाऱ्या ऊसतोड बाईचं काय? त्यांनी वर्गणी कुठून आणायची?

म्हणून मी म्हणतो, हक्काचा पाया पैशात शोधू नका. बाबासाहेबांनी तो दाखवून ठेवलाय. एक माणूस, एक मूल्य. मतदानाच्या दिवशी ते कागदावर तरी मानलं जातं. दवाखान्याच्या ओसरीवर, जिथं माणूस अर्धमेला होऊन पडलेला असतो, तिथं ते मानलं जातं का, हाच लोकशाहीचा खरा सवाल आहे. आणि मूल्य मानायचं म्हणजे नुसती गोळी द्यायची नाही. त्याचं म्हणणं विचारायचं, लिहून घ्यायचं आणि त्याला उत्तर द्यायचं.

हे का लागतं, ते नांदेडनं दाखवलं. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ दरम्यानच्या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ माणसं मेली. त्यात १२ नुकती जन्मलेली लेकरं. पाठोपाठ आकडा ३१ वर गेला, त्यात १६ लेकरं होती. ह्या रुग्णालयात नुसता नांदेड जिल्हा येत नाही. हिंगोली, परभणी, यवतमाळ, तेलंगणाच्या सीमेवरची गावं, सगळे इथं येतात, कारण गरिबाला जवळपास दुसरं मोठं दार नाही. नातेवाईक म्हणाले, औषधं बाहेरून आणायला लावली. सरकार म्हणालं, औषधांचा तुटवडा नव्हता, बरेच रोगी अखेरच्या घटकेला आले होते. मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली.

खरं कुणाचं ते कोर्टानं बघावं. मला त्याच्या आधीचं विचारायचंय. बाहेरच्या औषधाच्या चिठ्ठ्या आणि मेडिकलच्या पावत्या माणसं महिनोन् महिने खिशात घेऊन हिंडत असतात. त्या एका टेबलावर ठेवून "हे असं का?" विचारायची आणि लेखी उत्तर घ्यायची जागा कुठं होती? माणूस मेल्यावर त्याच्या बायकोचं रडणं पेपरात छापून येतं. तो जिवंत असताना ती जे सांगत होती, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

आणि त्यानंतर काय झालं? ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथं गेले आणि प्रभारी अधिष्ठात्यांकडून त्यांनी संडास साफ करून घेतला. कॅमेरे चालू होते. पुढं अधिष्ठात्यांच्या तक्रारीवरून खासदारांवर गुन्हा नोंदला गेला, त्यात ॲट्रॉसिटीचं कलमही लागलं. पण तो व्हिडिओ आपल्यातल्याही काही पोरांनी "बरं झालं, जिरवली" म्हणून पुढं ढकलला. मला ते टोचलं. संडास धुणं ही जर शिक्षा असेल, तर रोज तेच काम करणारी बाई कुठल्या गुन्ह्याची शिक्षा भोगतेय? दवाखान्यात झाडू कुणाच्या हातात असतो? ठेकेदाराच्या कच्च्या हजेरीवर असलेल्या आपल्याच मावशीच्या, आपल्याच अक्काच्या. नळाला पाणी कधी येतं, कुठल्या खाटेवर दोघीदोघी बाळंतिणी झोपवल्यात, रात्री कोण फिरकत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तिला कोण विचारतं? लोकांच्या नावानं वरून कुणीतरी येतो, दम देतो, निघून जातो. ह्याला लोकांचा सहभाग म्हणू नका. हा जुनाच दरबार आहे, फक्त कॅमेऱ्यापुढं भरवलेला.

आता पहिला आक्षेप घेऊ. शिकलेली माणसं म्हणतात, रोग्याला काय कळतं? इंजेक्शन कुठलं द्यायचं हे काय ग्रामसभेत हात वर करून ठरवायचं?

नाही, तसं कुणी म्हणत नाही. पण आपल्यात म्हण आहे, ज्याचं जळतं त्याला कळतं. आमच्या गावाकडं आरोग्य केंद्रात बाह्यरुग्ण विभाग सकाळी भरतो. नेमक्या त्याच वेळी बाया सोयाबीनच्या रानात असतात. केंद्रात जायचं तर रोज बुडतो. माझी आत्या म्हणते, "फुकटची गोळी मला तीनशे रुपयाला पडायलीय की रे." हे वाक्य कुठल्या अहवालात सापडणार? दवाखाना संध्याकाळी दोन तास उघडा ठेवावा, एवढी साधी गोष्ट कळायला डॉक्टरची पदवी लागत नाही. रोजंदारी लागते.

बीडचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात म्हणून २०१९ ला गाजावाजा झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. डॉक्टरला गर्भपिशवी कळते. पण खाडा कळतो का? एक दिवस कोयता थांबला की मुकादम खाडा लावतो. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पाळीत पोट दुखलं तर बसायला सावली नाही. अशा बाईला कुणी सांगितलं की पिशवी काढली की कटकट गेली, तर ती काय करील? तिला आधी विचारलं असतं, "बाई, तुला काय पाहिजे?" तर ती पाणी म्हणाली असती, आडोसा म्हणाली असती, भरपगारी चार दिवस म्हणाली असती. तिला कुणी विचारलं नाही. तिला ऑपरेशन मिळालं.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. बुद्धांनी आणि आनंदानं त्याला स्वतःच्या हातानं धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग बुद्धांनी भिक्खूंना सांगितलं की माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची सेवा करावी. एवढं आपल्याला माहीत असतं. पण त्याच ठिकाणी चांगल्या रोग्याचे आणि चांगल्या शुश्रूषकाचे गुणही दिलेत. शुश्रूषकानं मलमूत्र काढायची घृणा करू नये. आणि रोग्यानं आपला आजार आहे तसा सांगावा, वाढला तर वाढला म्हणून, उतरला तर उतरला म्हणून. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिकवणीत रोग्याचं बोलणं हा उपचाराचाच भाग आहे. ऐकणाऱ्याला घृणा नको आणि बोलणाऱ्याला भीती नको. आपल्या दवाखान्यात ह्या दोन्हीची वानवा आहे.

माझ्या लातूरला तर घरोघरी डॉक्टर घडवायचा कारखाना आहे. "लातूर पॅटर्न" म्हणून सगळ्या महाराष्ट्रातून पोरं इथं शिकवणीला येतात. जीवशास्त्र पाठ, भौतिकशास्त्र पाठ. त्यातली आपलीही पोरं आहेत, त्यांचा मला अभिमान आहे. पण म्हातारीचं बोलणं मध्ये न तोडता ऐकायचं कसं, हा पेपर त्यांना कुणी लावलेला नाही.

दुसरा आक्षेप बाहेरचा नाही, आपल्याच घरातला आहे, आणि तो जास्त अवघड आहे.

लोकसहभाग हा शब्द काही नवा नाही. १९४६ ला भोर समितीनं गावोगाव पाच-सात माणसांची आरोग्य समिती असावी असं सुचवलं होतं. १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आटाला जगभरची सरकारं जमली आणि त्यांनी जाहीर केलं की आपल्या आरोग्यसेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. गावोगाव समित्या झाल्या : ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. नाव एवढं लांब की बैठकीचा निम्मा वेळ ते वाचण्यात जावा. समितीला वर्षाला दहा हजारांचा निधी. निम्म्या बायका पाहिजेत, दलित-आदिवासी पाहिजेत, असं सगळं कागदावर आहे.

पण १९७८ म्हटलं की आपल्याला अल्मा-आटा आठवत नाही. आपल्याला जुलै-ऑगस्ट आठवतो. २७ जुलैला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. आमच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारून जाळलं. तिकडं जग म्हणत होतं, गावाच्या हाती आरोग्य द्या. इकडं गावाच्या हाती काडी होती. आणि हे जुनं झालं असं म्हणू नका. जून २०२३ ला नांदेडला लागून असलेल्या बोंढारमध्ये आपल्या एका तरुणाचा खून झाला. भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून, असा गुन्हा दाखल आहे. ज्या गावात जयंतीची मिरवणूक खपत नाही, त्या गावाच्या समितीत आपली बाई तोंड उघडील?

बाबासाहेबांनी "व्हिसाच्या प्रतीक्षेत" या लिखाणात काठेवाडच्या एका अस्पृश्य मास्तरांचं पत्र दिलंय, १९२९ च्या डिसेंबरात "यंग इंडिया"त छापलेलं. मास्तरांची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. कशीबशी वस्तीबाहेरपर्यंत आला. थर्मामीटर त्यानं मधल्या एका मुसलमानाच्या हाती दिलं, त्यानं मास्तरांना, मास्तरांनी बायकोला. तिला हात न लावताच त्यानं आजाराचं नाव सांगितलं. बाई गेली. डॉक्टर होता, औषध होतं, थर्मामीटरही होतं. सरकारी हिशेबात सेवा "उपलब्ध" होती.

ह्या सगळ्यामुळं आपल्यातले काही जण म्हणतात, समित्याबिमित्या सोडा, ग्रामपंचायतीच्या हातात काही देऊ नका, सरकारनं मुंबईहून दवाखाना चालवावा तेच बरं. त्यांचा राग मला समजतो. पण हा निष्कर्ष चुकीचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याची गोड स्वप्नं बघणाऱ्यांना फटकारलं. खेडं म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ते तिथं थांबले नाहीत. घटनेनं खेडं बाजूला ठेवून व्यक्ती हे एकक धरलं, याबद्दल त्यांनी आनंद व्यक्त केला. आपली वाट तिथं आहे. सहभागाचं एकक गाव नव्हे, माणूस. "गावाचं मत" म्हणून सरपंच जे सांगेल ते आपल्याला नको. प्रत्येक आजारी माणसाचं, प्रत्येक बाळंतिणीचं म्हणणं वेगळं मोजलं गेलं पाहिजे, आणि ज्याला गावात आवाज नाही त्याचं आधी.

हे होऊ शकतं का? दोन ठिकाणं सांगतो, दोन्ही आपल्या शेजारची.

एक जामखेड. १९७० ला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं काम सुरू केलं. गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यांत दलित बायका पुष्कळ होत्या. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्या हातून बाळंतपणं होऊ लागली. दुष्काळात बोअर घ्यायच्या आल्या तेव्हा आरोळ्यांनी पाणी शोधणाऱ्याला दलित वस्तीतच जागा बघायला लावली. मग बाकीच्यांना पाण्याला तिथं यावंच लागलं. महाड १९२७ ला झालं होतं. इथं तळं चालत वस्तीत आलं म्हणायचं. तरी एक ध्यानात ठेवा. ही हुशारी चांगल्या डॉक्टरांची होती. डॉक्टर बदलला की हुशारी बदलते. आपल्याला ती नियमात बसवून पाहिजे.

दुसरं उस्मानाबाद, आताचा धाराशिव. २००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि आपला शेजारी उस्मानाबाद. गावातल्या लोकांनी बसून दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचं. चांगलं ते हिरवं, अर्धवट ते पिवळं, वाईट ते लाल. नर्सबाई वस्तीत येते का? औषध बाहेरून आणायला लावतात का? पैसे मागतात का? मग जनसुनवाई. मांडवात अधिकारी समोर, लोक माईकवर, आणि उत्तर तिथल्या तिथं. ज्या दवाखान्यानं आजवर आपल्या पोरांची वजनं लिहिली, त्याचे मार्क आपण लिहायचे. एवढ्या उलटापालटीत मला अख्खं तत्त्वज्ञान दिसतं. लाल रंगानं लगेच डॉक्टर येत नाही, मान्य. पण लाल आहे हे सगळ्यांसमोर म्हणता येतं, आणि ज्याला म्हणता येतं तो नुसता लाभार्थी राहत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. जिथं समिती आहे तिथं तिची बैठक पाळीपाळीनं आपल्या वस्तीत, विहारात व्हावी. ज्याला यायचंय त्यानं तिथं यावं. आपला प्रतिनिधी सरपंचानं नेमू नये, वस्तीनं आपल्या बैठकीत निवडावा. आशाताई आणि झाडू मारणारी बाई समितीत पाहिजेच. तक्रार लेखी, उत्तर लेखी, आणि इतिवृत्त केंद्राच्या भिंतीवर. आणि बैठक भरदिवसा ठेवणार असाल तर रोजंदारीवरच्या सदस्याचा रोज भरून द्या. साहेब बैठकीला बसतो तेव्हा त्याचा पगार चालू असतो. आपली बाई बसते तेव्हा तिची चूल बंद असते. ह्या फरकावर पांघरूण घालून सहभागाच्या गप्पा मारणं ही फसवणूक आहे.

डॉक्टरांशी आपलं वैर नाही हेही सांगून ठेवतो. एकट्या डॉक्टरच्या गळ्यात शंभर रोगी बांधले तर तोही कामगारच, आणि कामगाराच्या अंगावर धावून जाणं हे आपलं राजकारण नाही. रिकाम्या जागा भरा म्हणून आपण त्याच्या बाजूनं उभं राहू. बाईला हिडिसफिडिस केली तर त्याच्यासमोर उभं राहू.

आता आपलं काम. आमच्या भागातल्या एका वस्तीत मित्रांनी माहितीच्या अधिकाराखाली समितीची यादी काढली. यादीत वस्तीतल्याच एका मावशीचं नाव निघालं. तिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मी मेंबर हाय? कवापासून?" तीन वर्षांपासून होती. अशा मावश्या तुमच्याही गावात असतील. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ह्यातली जी ग्रामसभा आधी येईल तिला जा. झेंडावंदन झालं की घरी पळू नका. उभं राहून एवढंच म्हणा, आरोग्य समितीची यादी वाचून दाखवा आणि वर्षाचा हिशेब सांगा. यादीत आपल्या मावशीचं नाव आलं तर तिला आधीच सांगून ठेवलेलं असू द्या, म्हणजे ती "हाय" म्हणून उठून उभी राहील आणि पुढचा प्रश्न तीच विचारील.